मीच बोलते, मीच ऐकते

ता. ३ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

घरी सगळं ठीक असेल असं धरून चालते. काही बिघडलं असतं तर वहिनींनी एव्हाना कळवलं असतं, तू काही कळवणाऱ्यातला नाहीस.

बातमी अशी की माझं काम गेलं आणि नोकरी राहिली. दचकू नकोस, नीट सांगते. मागच्या महिन्यात साहेबांनी मला गाद्या लावलेल्या एका खोलीत आठवडाभर बसवलं होतं ना? गावांची नावं, फलाटांचे आकडे, 'सुटण्याच्या तयारीत आहे', 'उशिरा धावत आहे' असं सगळं सुटं सुटं बोलून घेतलं होतं. ते तुकडे आता यंत्र जोडतं आणि आख्ख्या बसस्टँडवर माझाच आवाज घुमतो. मी मात्र वरच्या मजल्यावरच्या त्याच खोलीत, त्याच खुर्चीत बसून मलाच ऐकते. माईकवर पिशवी घातली आहे. यंत्र बंद पडलं तरच बोलायचं, एरवी हात लावायचा नाही, असा हुकूम आहे. आणि ते मेलं बंद पडत नाही.

ती यंत्रातली बाई माझ्यापेक्षा चांगली बोलते, दादा. तिला खोकला येत नाही, दोन गाड्यांच्या मध्ये घोटभर पाणी लागत नाही. तिला श्वाससुद्धा घ्यावा लागत नाही.

सगळे म्हणतात की नशीब काढलंस. पगार पूर्ण, घसा शाबूत, वर डोक्यावर पंखा. मीही हसून हो म्हणते. मग घरी येते, कुलूप उघडते आणि चपलांसकट पलंगावर बसून राहते. आजारी आहे म्हणावं तर जेवण जातंय. दुःखी आहे म्हणावं तर कशाबद्दल? परवा दूध तापत होतं तर मी एकटीच मोठ्यानं म्हणाले की दूध उतू जाण्याच्या तयारीत आहे. खरं म्हणजे हसू यायला हवं होतं. मला रडू आलं.

इतकी वर्षं वाटायचं की मी पगारासाठी कामाला जाते, चारचौघांसारखी. आता पगार तर आहे, मग गेलं काय? मला खरंच कळत नाहीये. तुला निवृत्त होऊन वर्ष झालं आणि तू मजेत आहेस, तेव्हा तूच सांग. सकाळी उठून काय करतोस?

वहिनींना नमस्कार. लोभ आहे हे ठाऊक आहे, पण चार ओळींवर भागवू नकोस.

तुझी
धाकटी


ता. ९ फेब्रुवारी

चि. धाकटीस, ऊर्फ आमच्या भोंग्यास,
अ. उ. आ.

पत्र दोनदा वाचलं, कारण पहिल्या वाचनात तक्रार कशाची आहे तेच सापडलं नाही. बाई गं, तुला सुख बोचतंय. लहानपणी ओरडू नकोस म्हणून आईचे धपाटे खाल्लेस, आता गप्प बसायचे पैसे मिळतायत तर रडतेस!

माझं विचारशील तर मी अगदी मजेत. जन्मभर पाणीपुरवठ्याचे व्हॉल्व्ह उघडले आणि बंद केले, आता निवांत उठतो, फिरून येतो, पेपर पहिल्या ओळीपासून छापखान्याच्या पत्त्यापर्यंत वाचतो. दुपारी शेजारपाजारचे नळ बघतो. लोकांना फार आधार वाटतो माझा. माणसानं स्वतःला गुंतवून ठेवावं, बस्स. शिवाय दर आठवड्याला मी एका व्याख्यानाला जातो. आनंद आपल्या आतच असतो असं तिथले गृहस्थ सांगतात. आत म्हणजे नक्की कुठं, ते अजून सांगितलेलं नाही, पण सांगतील.

तेव्हा तू चित्रकलेचा वर्ग लाव. खोलीत विणकाम घेऊन बस. आणि त्या पिशवीला हात लावू नकोस. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायची तुझी सवय मला माहीत आहे.

तुझी वहिनी स्वयंपाकघरातून ओरडून काहीतरी सांगते आहे, पण नळाच्या आवाजात ऐकू येत नाही. बहुतेक तुला आशीर्वादच असतील. माझेही त्यात मिसळून घे.

दादा


ता. ४ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू सांगितलंस ते सगळं केलं. चित्रकलेच्या वर्गात बाईंनी मनात येईल ते काढा म्हटलं. माझ्या मनात काही येईना म्हणून मी समोरची खुर्ची काढली. बाई म्हणाल्या की यात केवढी पोकळी आहे! मी घाबरून परत गेले नाही. विणायला मफलर घेतलाय. तो कुणासाठी हेच ठरत नाही, त्यामुळे कुठं थांबवायचा ते कळत नाही. आता तो खुर्चीपासून दारापर्यंत पोचलाय.

आणि धोंडाही पाडून घेतला. रागावू नकोस, आधी ऐक.

बंदराकडची गाडी रोज तिसऱ्या फलाटावर लागते. गेल्या मंगळवारी तिथं दुसरी एक गाडी पंक्चर होऊन अडकली, म्हणून ड्रायव्हरनं बंदराची गाडी पाचव्यावर लावली. यंत्राला कुणी सांगितलं नाही. यंत्रातली मी आपली म्हणतेय, फलाट तीन. वरच्या खिडकीतून मला दिसत होतं, लोक सामान घेऊन पंक्चरच्या गाडीसमोर उभे आहेत. मला राहवेना. पिशवी काढली आणि बोलले, फलाट पाच. लोक पाचकडे निघाले. तेवढ्यात ती म्हणाली, फलाट तीन. लोक माघारी फिरले. मी चिडून पुन्हा पाच म्हणाले, चांगली मोठ्यानं. ती थंडपणे तीन म्हणाली. आवाज एकच, बाई एकच, लोकांनी विश्वास तरी कुणावर ठेवावा? शेवटी सगळे चौथ्या फलाटावर येऊन उभे राहिले, दादा. मधोमध. आणि बंदराची गाडी रिकामी निघून गेली.

मी जिन्यावरून धावत खाली उतरले. कामाच्या वेळेत त्या फलाटांवर मी कधी पाऊलच टाकलं नव्हतं. एक बाई रडकुंडीला आली होती, तिच्या बहिणीचं ऑपरेशन होतं. मी सांगितलं की चूक माझी आहे. मी कोण ते तिला उमगलं नाही, आवाज ओळखीचा वाटतो एवढंच म्हणाली. कारखान्याची गाडी बंदराच्या वळणावरून जाते. तिची पिशवी उचलून मी तिला त्या गाडीत बसवलं, कंडक्टरला बजावलं आणि गाडी हलेपर्यंत खिडकीपाशी उभी राहिले. तिनं वळूनही पाहिलं नाही. ती तिच्या काळजीत होती. पण मला इतकं बरं वाटलं, की मग माझीच लाज वाटली. माझ्यामुळे तिची गाडी चुकली आणि बरं मला वाटतंय! हे काय आहे, मला सांगशील?

साहेब खूप बोलले. शेवटी म्हणाले की दोन वाटा आहेत. एक, वर बसा, माईकची वायरच काढून टाकतो, निवृत्तीपर्यंत पगार चालू राहील. दुसरी, एवढीच हौस असेल तर फलाटावर मदतनीस म्हणून उभ्या राहा. श्रेणी खालची, पगार कमी, अंगात निळं जाकीट, आणि एकदा उतरलात की परत वर घेणार नाही. महिनाअखेर उत्तर द्यायचंय. सकाळी मला एक वाटतं, संध्याकाळी दुसरं. दुपारी काहीच वाटत नाही.

या वेळी लोभाबरोबर अक्कलही पाठव, माझी संपली आहे.

धाकटी


ता. १० मार्च

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

तुमचे बंधुराज तुम्हाला पत्र लिहायला बसले होते. दोन-तीन कागद फाडून बाहेर गेले, म्हणून पेन माझ्या हाती आलं. त्यांचं म्हणणं असं की मुकाट वर बसावं, या वयात सुखासुखी उन्हात उभं राहणं म्हणजे वेड लागल्याचं लक्षण आहे. त्यांचं ऐकायचं की नाही ते तुम्ही ठरवा, पण त्याआधी माझं वाचा.

ते मजेत नाहीत. आमच्या स्वयंपाकघरातला नळ चांगला होता, तो त्यांनी सुधारला, तेव्हापासून गळतो. शेजारच्यांचा सुधारला, तोही गळतो. हल्ली पाना घेऊन जिन्यात दिसले की लोक दारं लावून घेतात. मला ते बघवेना. मग मी खालच्या मजल्यावरच्या बाईंना गळ घातली, की अधूनमधून नळ गळतो असं सांगून यांना बोलवत जा. त्या बिचाऱ्या बोलवतात. हे जातात, तासभर खटपट करतात आणि शीळ घालत वर येतात. त्या दिवशी दोन घास जास्त जेवतात. मी त्यांना सांभाळते आहे की फसवते आहे, माझं मलाच समजत नाही.

तुम्हाला काय सांगू? सकाळी उठून काय करणार, असं मला कधी कुणी विचारलं नाही. उठले की चूल माझी वाट बघत असते. तुमच्यापुढे दोन वाटा आहेत हे वाचून, खरं सांगते, थोडा हेवा वाटला. माझ्यावर रागावू नका.

भेटलो की सगळं बोलू. माया आहे तशी राहू द्या, एवढंच मागणं.

वहिनी


ता. ३१ मार्च

ती. दादा आणि वहिनी यांस,
सा. न. वि. वि.

सांगून टाकलं. उद्यापासून खाली.

का, ते विचारू नका. साहेबांनीही विचारलं, कारण काय लिहू म्हणून. मी म्हणाले की कारण मलाही ठाऊक नाही. ते म्हणाले की असं चालत नाही, आणि त्यांनीच 'प्रकृतीच्या कारणास्तव' असं लिहिलं. दिवसभर उभं राहायचं, तेही प्रकृतीच्या कारणास्तव! तिकीट खिडकीतली मैत्रीण बोलायची बंद झाली आहे. तिला वाटतं की मी काहीतरी लपवते आहे. लपवायला काही असतं तर बरं झालं असतं.

हा निव्वळ मूर्खपणा असेल तर दादा, 'मी म्हटलं होतं' असं मला निदान वर्षभर ऐकवू नकोस.

राग आला असेल तर त्याच्याखाली लोभ असेलच, तो शोधून ठेवा.

धाकटी


ता. २० एप्रिल

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

गेल्या गुरुवारी मी तुझ्या स्टँडवर येऊन गेलो. तुझ्या वहिनीशिवाय कुणाला माहीत नाही. साहेबांचे पाय धरावे लागले तरी चालतील, पण तुला परत वर बसवायचं, असं ठरवूनच निघालो होतो. गाडीत सगळं भाषण पाठ केलं होतं.

उतरलो तर वरून तुझा आवाज आला, फलाट दोन वगैरे. मी वेड्यासारखा वर बघत उभा राहिलो. मग खाली बघितलं, तर तू तिथं. निळ्या जाकिटात, केस विस्कटलेले, एका म्हाताऱ्याच्या ट्रंकेला दोरी बांधत होतीस. मी तुझ्यासमोर येऊन उभा राहिलो. तुला फक्त माझ्या चपला दिसल्या असतील. मान वर न करता तू विचारलंस, "कुठं जायचंय?"

तुझ्याकडेच आलोय, असं म्हणायचं होतं. तोंड उघडलं आणि काही बाहेरच येईना. एवढा साधा प्रश्न. घरी जायचंय म्हणावं, तर घरूनच आलो होतो. कामावर म्हणावं, तर ते संपलं. तेवढ्यात पलीकडून कुणीतरी हाक मारली, तू गाठ मारलीस आणि धावलीस. मी आलेल्या गाडीनंच परत फिरलो.

तुझ्या वहिनीनं तुला नळांचं कळवलं, हे तिनंच मला सांगितलं. खालच्या बाईंचं मात्र सांगितलेलं नाही. तिला कळू देऊ नकोस, पण खालचा तो नळ गळत नाही आणि बोलावणं खरं कुणाचं आहे, हे मी पहिल्याच दिवशी ओळखलं. अगं, जन्म गेला माझा त्यात. तरी जातो, उघडतो, तसाच परत बसवतो आणि येताना शीळ घालतो, कारण ती दाराआड कान देऊन उभी असते.

मजेत आहे, असं तुला लिहिलं होतं. व्याख्यानाला मी आता जात नाही. ओरडणार होतो तुला, पण कशाबद्दल ते राहिलं नाही. काय करावं, मलाच सुचत नाहीये. मोठ्या भावानं असं लिहू नये, पण लिहिलं.

आशीर्वाद तेवढे खात्रीचे आहेत.

दादा


ता. २५ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आधी भांडते. बहिणीच्या दारात येऊन बिनचहाचा परत गेलास? पत्र वाचून इतका संताप आला की जेवले नाही. मग रडले, आणि मग जेवले.

इथं कसं चाललंय म्हणशील तर धड सांगता येत नाही. पाय सुजतात. वरून माझाच आवाज सांगतो आणि खाली लोक मला विचारतात की ती बाई काय म्हणाली. एकानं तर परवा सांगितलं की वरच्या बाईंचा आवाज गोड आहे, तुमचा जरा बसलाय. मी कबूल केलं. यालाच सुख म्हणतात का, देव जाणे. झोप मात्र लागते.

आता तुझं. दादा, दिवसभर मी येईल त्याला तेच विचारते. सगळ्यांना उत्तर देता येतं असं वाटतं तुला? कितीतरी जणांना येत नाही. कुणी गावाचं नाव विसरतं, कुणी नुसतंच घरातून निघालेलं असतं. पहिले काही दिवस मी गांगरायचे, पुन्हा पुन्हा विचारायचे. आता विचारत नाही. हातातलं सामान घेते, बाकावर बसवते आणि सांगते की घाई नाही, गाड्या संध्याकाळपर्यंत आहेत. सवड असली तर मीही शेजारी बसते.

वहिनींनाही घेऊन ये. आणि या खेपेला, मी मान वर करेपर्यंत तेवढा थांब.

धाकटी