डॉक्टरपाशी म्हटलेलं ‘नाई’

फोन लावला का तू ‘आजी, ड्युटीवर आहो, मंग करतो’ म्हणतं अन् कापून टाकतं. तुहं ते ‘मंग’ कधी उगवते, मले आजवर दिसलं नाई. म्हणून कागद घेतला. प्रौढ वर्गात शिकलेली अक्षरं आहेत, वाकडी दिसतील. हासू नको, वाच.

प्रिय आदेश,

तुह्या मायनं तुले सांगितलं, बाबाले ताप आहे, आराम करून राह्यले. खोटं आहे. जया सांगणार नाई, मी सांगते.

गेल्या हंगामात सोयाबीनची पोती चढवताना तुह्या बापाची, कैलासची, कंबर गेली, हे तुले ठाऊक आहे. साध्या गोळ्यांनी भागलं नाई तवा पुलगावच्या डॉक्टरनं जबर गोळी लिहून दिली. लिहिण्याआधी विचारलं, दारू घेता का? तुहा बाप म्हणे, नाई जी. आपल्या जिल्ह्यात दारूबंदी. डॉक्टरनं विचारलं तरी आपल्या लोकाइले ठाणेदारच विचारून राह्यला असं वाटते. रोज संध्याकाळी मोहाची दारू घेणारा माणूस, देवळात उभा असल्यासारखा नाई म्हणाला. बाजूले बसलेल्या जयानंही मान हलवली. नवऱ्याची अब्रू राखली म्हणे!

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी तो पिऊन आला, कंबर ठणकते म्हणून गोळी घेतली, थांबत नाई म्हणून वरून आणखी एक घेतली. भरदुपारी खाटेवर घोरत पडला. जया म्हणे, झोपू द्या, लय दिवसांनी झोप लागली. मले त्या घोरण्याचा राग आला म्हणून हलवाले गेली. ओठ जांभळे. छाती हालेच ना. लय वेळानं एक श्वास, मंग पुन्हा काहीच नाई. आदेश, मी बैल मरताना पाह्यले, माणसं मरताना पाह्यली. पण घोरता घोरता माणूस मरून राह्यला असते, हे मले कोणी सांगितलं नव्हतं.

दवाखान्यात पुन्हा तोच सवाल, अन् जया पुन्हा म्हणे, नाई! मी तिच्या पाठीत धपाटा घातला. सांगितलं, मोहाची प्याला, वरून दोन गोळ्या खाल्ल्या, टाका मले जेलात. तवा कुठं त्याईचे हात भराभर चालले.

मंग तिथल्या डॉक्टरीणबाईनं मले समजावलं. ही गोळी मेंदूले गुंगी आणते, दारूही आणते. दोन्ही संगं गेल्या का मेंदू श्वास घ्याचंच विसरते. हवा पोचत नाई अन् मेंदूच जागोजागी मरते. मी विचारलं, मंग साधी तापाची गोळी चालते? ती म्हणे, रोज पिणाऱ्याचं लिव्हर तिनंही खराब होऊ शकते, अन् अंगदुखीच्या दुसऱ्या गोळ्यांनी पोटात रक्त सुटू शकते.

जगला तुहा बाप. जेवते, चालते. पण सकाळी उठून विचारते, बाबा वावरातून आले का? तुह्या आजोबाले जाऊन किती वर्षं झाली! जयानं खरं सांगितलं तर ताज्या मौतीसारखा रडला, अन् दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच विचारलं. आता मीच म्हणते, येतीलच एवढ्यात.

हे रडगाणं गायाले पत्र नाई लिहिलं. परवा जयाच्या तोंडून निघालं, का तुहीही कंबर दुखते म्हणून कैलासनं पोळ्याच्या आधीच त्याच गोळ्यांचं अर्धं पाकीट शेजारच्या बंडूजीसंगं तुले चाकणले पाठवलतं. जयाले तवाच फोन कराले लावला, तर तू तिले म्हणे, मी कुठं पितो, माय! अन् तिचं समाधान झालं. माहं नाई झालं. सुट्टीच्या दिवशी तुम्ही पोरं बसता, हे मले माहीत आहे. बंडूजी उद्या पुन्हा लेकाकडे चाकणले निघाला, त्याच्याच हाती हे पत्र देते. पाकीट त्याच्यापाशी परत दे, एकही गोळी ठेवू नको. डॉक्टरपाशी जा, पिता का विचारलं तर पितो म्हण, किती तेही सांग. उत्तर बायकोले, वर्षालीले, लिहाले लावू नको, मायले फोन करून गोड बोलू नको. तूच लिहिजो, माह्याच नावानं, अन् खरं लिहिजो.

तुहीच आजी,
रुख्माबाई, नाचणगाव