वहिनी, जाऊ का?

१२ जानेवारी
खोपोलीहून व्यायामोपचार करून परतलो तर रिक्षा दारापर्यंत आलीच नाही. पुढच्या घरच्या पारूवहिनींच्या अंगणाच्या तोंडाशी खड्डे खणलेत, गेटच्या खांबांसाठी. तिथेच उतरलो. ह्यांना धरून धरून आणलं. पॅरालिसिसपासून डावा पाय फरफटतो, चप्पल सारखी निसटत होती.

वहिनींचा धाकटा नीलेश खड्ड्यापाशी उभा. म्हणाला, "काकी, पुढच्या महिन्यापासून हितं कंटेनर लागनार हायत. अंगण भाड्यानं दिलंय. तुमी मागनं बांधावरनं जायाचं बघा."

बांधावरून! मीच तिथून जाते ती पदर खोचून, तोल सांभाळत. पण जागा त्यांची, गेट त्यांचं. आमचं घर त्यांच्या मागे, हेही खरंच. कोणाचं बरोबर? वहिनी ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. मान वर केली नाही.

१४ जाने.
संक्रांत. वहिनींकडून तिळगूळ आला नाही. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच.

१६ जाने.
आज हापिसं केली.
तलाठी म्हणाले, गावठाणातली वाट माझ्याकडे येत नाही, ग्रामपंचायतीत जा. ग्रामसेवक म्हणाले, आमच्या नोंदीत हा रस्ता नाही, तहसीलला जा. तहसीलच्या खिडकीतला म्हणाला, शेताची वाट असेल तर इथे, घराची असेल तर दिवाणी कोर्ट. म्हणजे डोक्यावर भाताचा भारा असेल तर एक हापीस आणि हाताला नवरा असेल तर दुसरं! अंगणवाडीत जन्म गेला, पोरांना सरळ रांगेत उभं करता करता. मला कोणी रांगेत उभं करेल तर शप्पथ.

१९ जाने.
खालापूरला वकीलबाईंकडे. वयाने लहान आहे, 'मावशी' म्हणते. नीट ऐकून घेतलं.
म्हणाली, वीस वर्षं उघडपणे, भांडण-तंटा न होता, हक्काने वापर असेल तर वाट मागता येते. मी म्हटलं, वीस काय, सासऱ्यांच्याही आधीपासून वापरतोय. खूश झाली. लिहायला लागली.
मग विचारलं, "जाताना त्यांना विचारायचात?"
मी म्हटलं, "म्हणजे काय! न विचारता एकदाही गेले नाही. 'वहिनी, जाऊ का?' म्हणायचं आणि मगच पाय टाकायचा."
तिने पेन खाली ठेवलं.
"मावशी, विचारून गेलं की ती परवानगी होते. परवानगी देणारा ती काढूनही घेऊ शकतो. हक्क कसा सांगायचा?"
म्हणजे मी दांडगाईने घुसले असते तर वाट माझी झाली असती, आणि रीत पाळली म्हणून नाही. हा कुठला न्याय? दुसरी वाटच नाही असंही म्हणता येईना, कारण बांध आहे. बांध आहे तो खेकड्यांना.

२० जाने.
ह्यांना सांगितलं. जीभ अजून जड आहे. शब्द जुळवत म्हणाले, "आबा... विचारत नव्हते."
खरंच की! आबा म्हणजे माझे सासरे. त्यांच्या बापाला ह्याच अंगणाच्या कडेला उभं राहून हाळी द्यावी लागायची, आणि आतून कोणी 'जा' म्हणेपर्यंत उन्हात थांबावं लागायचं. छप्पनला धर्मांतर झालं तसं आबांनी विचारणं टाकून दिलं. सदरा घालून, छाती काढून अंगणाच्या मधोमध चालत जायचे. भांडणं झाली म्हणतात. पुढे ती मिटली, आबांचं चालणं थांबलं नाही.
आणि मी नवी सून. पहिल्याच आठवड्यात डोक्यावर हंडा घेऊन निघाले, समोर पारूवहिनी, त्याही नव्याच. माहेरची सवय. दुसऱ्याच्या अंगणात विचारल्याशिवाय पाय ठेवायचा नाही. म्हटलं, "वहिनी, जाऊ का?" त्या हसल्या, "जा गं. येताना चा घ्यायला थांब."
आबा भयंकर चिडले होते. "विचारायचं नाय! परत विचारलंस तर बघ." मी त्यांच्या नकळत विचारत राहिले. त्यातूनच तर ओळख झाली आमची.
आबांनी मिळवलेलं मी घालवलं की काय? तेव्हापासून हेच डोक्यात. वहिनींचा रागही येतो आणि रडूही.

२३ जाने.
नीलेश गेटचं माप घेत होता. त्याला म्हटलं, तुझ्या बारशाला मी पाळणा म्हटलाय रे. म्हणाला, "काकी, माझं काय भांडान नाय तुमच्याशी. पन कंटेनरवाला म्हनतो, मधनं रिक्षा चालनार नाय." पोरगं वाईट नाही. हीच तर पंचाईत.

२७ जाने.
परत वकीलबाई. आबांचं सांगितलं. म्हणाली, "ते उपयोगाचं, पण हल्लीच्या वर्षांचं काय?" मग फाइल मिटत, "कोर्टात 'विचारत होतो' हे आपण होऊन सांगू नका. आणि आजपासून विचारणं बंद."
म्हटलं, वहिनींनीच साक्षीत सांगितलं तर? अंगण अजून वहिनींच्याच नावावर आहे. त्यांचे मालक, दादा, गेल्यापासून.
"मग त्यांनीच वाटेचा हक्क लिहून, नोंदवून दिला तर सगळंच मिटेल. बोलून बघा."
बोलायचं कसं? विचारायचं नाही म्हणते आणि विचारून बघा म्हणते.

२ फेब्रुवारी
गेट बसलं. लोखंडी, निळं. दिसायला चांगलं आहे, म्हणून जास्तच राग आला.

३ फेब्रु.
दोनदा वहिनींच्या ओट्यापर्यंत जाऊन परत आले. पहिल्यांदा नीलेश होता. दुसऱ्यांदा त्या एकट्याच होत्या. तरी परत आले.

५ फेब्रु.
आज उपचाराचा दिवस. नीलेश साजगावला गेलेला. रिक्षा गेटबाहेर उभी, आम्ही दोघं गेटच्या आत. कडी घातलेली. वहिनी ओट्यावर.
विचारायचं नाही, विचारायचं नाही, असं मनात घोकत उभी राहिले. एवढी वर्षं तोंडातून आपोआप निघणारे शब्द दातांखाली धरून ठेवणं सोपं नाही. वहिनी माझ्याकडे बघतायत. मी कडीकडे. ह्यांचा भार माझ्या खांद्यावर. रिक्षावाल्याने हॉर्न दिला.
शेवटी वहिनीच उठल्या. गुडघे धरत धरत आल्या, कडी काढली, गेट ढकललं. रिक्षावाल्याला म्हणाल्या, "आत घे रं. मानूस चालंल का एवढं?" ह्यांना बसवायला दुसरीकडून हात दिला.
मग मला म्हणाल्या, "जा."
मी ह्यांचा डावा पाय उचलून रिक्षात घेतला.
"पोरानं गेट लावलं, मी नाय. माझं कोन ऐकतंय घरात? पन तू विचारायचं कशाला सोडलंस गं? आज परकी झाले व्हय मी?"
काय सांगणार? वकिलाने सांगितलंय म्हणून? मी रिक्षात चढले. रिक्षा निघाली. वळून बघितलं तर गेट धरून उभ्याच होत्या.
मी विचारलं नव्हतं, तरी त्या 'जा' म्हणाल्या. ही परवानगी झाली का? वकीलबाईंना काय सांगू? आबा असते तर काय म्हणाले असते?
येताना गेट सताड उघडं. वहिनी दिसल्या नाहीत. आमच्या दाराशी वाटीवर वाटी झाकून तिळगूळ ठेवलेला, कडक झालेला.

उद्या वहिनींना धाडायच्या नोटिशीवर सही करायला वकीलबाईंनी बोलावलंय. जायचं त्याच अंगणातून. वहिनी ओट्यावर असतील.