हिच्याबरोबर हेवी मेटल

२ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून रोजनिशी. विमा कंपनीत क्लेम तपासण्यात उभी हयात गेली, स्वतःसाठी चार ओळी लिहायला फुरसत मिळाली नाही. आता स्वेच्छानिवृत्ती घेतली आहे. स्वेच्छा साहेबांची होती, पण सही माझी आहे.

ऑफिसमधून आजही फोन नाही. माझ्यावाचून अडत असणारच, पण विचारायला संकोचत असतील. फोनला रेंज आहे ना, ते पाहिलं. आहे.

संकल्प: लवकर उठणे. चालायला जाणे. हिच्याकडे लक्ष देणे. ही शाळेत फिजिक्स शिकवते. हल्ली फार दमल्यासारखी दिसते, विशेषतः गेल्या महिन्यापासून. मी दिवसभर घरी असतो हा तेवढाच तिला आधार.

४ नोव्हेंबर, बुधवार

फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली एक काळं तिकीट सापडलं. त्यावर कवटी, कवटीच्या डोळ्यांतून ज्वाळा. हेवी मेटलचा दोन दिवसांचा फेस्टिव्हल, गावाबाहेर, आता विमानं उतरत नाहीत अशा जुन्या धावपट्टीवर. वाटलं, चिरंजीवांचं राहून गेलं असेल. पण चिरंजीव नोकरीसाठी दुसरीकडे जाऊन दोन वर्षं झाली.

हिला विचारलं. म्हणाली, माझं आहे.

ही दर नोव्हेंबरात दोन दिवस कॉन्फरन्सला जाते. वर्षानुवर्षं मी ऑफिसात अभिमानाने सांगत आलो, मिसेस फिजिक्सच्या कॉन्फरन्सला गेल्यात. आज म्हणते, "अहो, मी दरवर्षी कॉन्सर्टच म्हणते. तुम्ही पेपरातून डोकं वर काढत नाही."

उच्चार स्पष्ट हवेत. शिकवणाऱ्या माणसाने तरी.

५ नोव्हेंबर, गुरुवार

विचार केला. बिचारीला एकटीने असल्या ठिकाणी जावं लागलं, कारण नवऱ्याला वेळ नव्हता. आता आहे. मीही येणार असं जाहीर केलं.

ही कांदा चिरत होती. थांबली. म्हणाली, कशाला? मग म्हणाली, तुम्हाला त्रास होईल. मग म्हणाली, फार धूळ असते तिथे. डोळ्यांत पाणी आलं होतं. कांदा होता हे मान्य, पण सगळं पाणी कांद्याचं नव्हतं.

लगेच ऑनलाइन तिकीट काढलं. तिकिटं भरपूर शिल्लक होती.

८ नोव्हेंबर, रविवार

अभ्यासाला सुरुवात. हिचा आवडता बँड 'भट्टी'. त्यांच्या गायकाचा घसा बिघडून आवाज गेला होता, आता सहा वर्षांनी तो पुन्हा स्टेजवर उभा राहणार आहे. हेडफोन लावून त्यांचं जुनं गाणं ऐकलं. आधी वाटलं स्वयंपाकघरात मिक्सर चालू राहिलाय. उठून बंद करायला गेलो. नंतर गायक सुरू झाला. याचा आवाज गेल्याचं या लोकांना कळलं तरी कसं, असा प्रश्न पडला.

ही समोर पेपर तपासत होती. तिला विचारलं, यात आवडण्यासारखं काय आहे? मान वर न करता म्हणाली, "माझ्याऐवजी दुसरं कुणीतरी ओरडतं. तेवढंच बरं वाटतं."

हिला विनोदाचं अंग आहे. लोकांच्या लक्षात येत नाही.

चिरंजीवांचा फोन आला. म्हणाला, बाबा, आईला जाऊ दे ना एकटीला. आईबापांनी एकत्र मजा केलेली हल्लीच्या मुलांना बघवत नाही.

१५ नोव्हेंबर, रविवार

चालायला जाणं अजून सुरू झालेलं नाही. नवे बूट मऊ व्हायचे आहेत. ते आपोआप होत नाहीत असं ही म्हणते.

फेस्टिव्हलची तयारी मात्र पूर्ण. दोन फोल्डिंगच्या खुर्च्या, छत्री, टॉर्च, मलम, गर्दीत चुकामूक होऊ नये म्हणून दोघांना सारख्या पांढऱ्या टोप्या. तात्पुरतं स्टेज कोसळल्याचे क्लेम मी स्वतः हाताळलेले आहेत. प्रत्येक वेळी एकच गोष्ट दिसली: जखमीबरोबर घरचं जबाबदार माणूस नव्हतं.

हिची एकच सॅक. टोपी घेतली नाही. म्हणाली, राहू दे, तुम्हीच घाला दोन्ही.

२१ नोव्हेंबर, शनिवार, दुपार

पोचलो. धावपट्टीच्या एका टोकाला स्टेज, दुसऱ्या टोकाला तंबू. माणसं जेमतेम एखाद्या लग्नाला येतात तेवढी. सगळी काळ्या कपड्यांत. मी एकटा पांढऱ्या टोपीत, त्यामुळे मी हरवण्याचा प्रश्न नाही.

इथे हिला सगळे 'बाई' म्हणतात. निम्मे जण हिचे जुने विद्यार्थी. हातभर टॅटू, नाकात कडी, आणि ही दिसताच हातातली सिगारेट मागे! हिची टोळी ठरलेली आहे. एक डेंटिस्ट मैत्रीण. एक बेकरीवाला, दाढी पोटापर्यंत, त्याला अस्वल म्हणतात. अस्वलाने हिला उचलून गोल फिरवलं. मी घसा खाकरला. हिने ओळख करून दिली, "हे आमचे." अस्वल म्हणाला, "अरे वा, तुम्ही खरंच आहात तर!" याचा अर्थ नीटसा लागला नाही, पण आदर जाणवला.

दरवर्षी ही आणि डेंटिस्ट एका तंबूत झोपतात. यंदा मी असल्यामुळे डेंटिस्टने आपण होऊन गाडीत झोपायचं ठरवलं. गाडी नवी आहे, काळजी वाटत असेल.

त्याच दिवशी, संध्याकाळ

हिने अंबाडा सोडला. हिचे केस इतके लांब आहेत हे मला माहीत होतं, पण बऱ्याच दिवसांत तपासलं नव्हतं. आता ती पुढे उभी राहून ते केस वरून खाली आणि खालून वर आपटतेय. तिच्या मानेला स्पॉन्डिलायटिस आहे. डॉक्टरांनी उशीसुद्धा बंद केली आहे. दोनदा जाऊन आठवण करून दिली. दुसऱ्या वेळी ती दोन रांगा पुढे सरकली.

मी खुर्चीवर बसून सगळ्यांच्या सॅक सांभाळतोय. टोळीने ही जबाबदारी आपण होऊन माझ्यावर सोपवली. माणसाची पारख असते एकेकाला.

साउंडवाल्याकडे जाऊन आवाज थोडा कमी करा अशी सभ्यपणे विनंती केली. त्याने माझ्या तळहातावर पिवळे इअरप्लग ठेवले. माझ्यापुरता आवाज कमी झाला. शब्द टाकला की काम होतं.

२२ नोव्हेंबर, रविवार, सकाळ

तंबूत झोप नाही. जमिनीखाली अजून एक जमीन असावी इतकं कडक. पाठ धरली आहे. ही छान झोपली. झोपेत हसत होती.

अस्वल चहा घेऊन आला. दांडगा आहे पण बोलायला मऊ. म्हणाला, बाई या वर्षी हसताहेत, बरं वाटतं. त्यांची आई गेली त्या वर्षी इथे आल्या होत्या, तेव्हा अख्खा दिवस स्टेजसमोर उभ्या राहून रडल्या. आम्ही नुसते भोवती उभे होतो. मग विचारलं, घरी कशा होत्या तेव्हा?

मी म्हटलं, घरी व्यवस्थित होती. अजिबात रडली नाही. सासूबाईंचा विम्याचा क्लेम मी स्वतः मागे लागून आठवड्यात पास करून आणला होता, एक कागद परत आला नाही.

अस्वलाने चहात साखर हवी का विचारलं.

आता लिहिताना आठवतंय, त्या आठवड्यात ही एकदा म्हणाली होती, जरा माझ्याजवळ बसता का? मी म्हटलं होतं, फॉर्म भरून झाला की बसतो. मग बसायचं राहिलं बहुतेक. पण क्लेम पास झाला.

संध्याकाळ, प्रथमोपचाराचा तंबू

डाव्या घोट्याला बर्फ बांधला आहे. पाठीबद्दल लिहीत नाही. डोकं शांत आहे तोवर घटनाक्रम लिहून ठेवतो.

'भट्टी' स्टेजवर आले. गायक बारकासा, गळ्याला मफलर. पहिली ओळ गाताना त्याचा आवाज फाटला आणि सगळं मैदान त्याच्यासाठी गायला लागलं. ही सगळ्यांत पुढे. नंतर मधे गोल मोकळा झाला आणि माणसं त्या गोलात धावत एकमेकांवर आदळायला लागली. आपखुशीने! विम्याच्या दृष्टीने याला काही म्हणजे काही मिळणार नाही. त्या गोलात ही.

आणि ही पडली.

मी धावलो. नीट दिसावं म्हणून खुर्ची मिटून पुढे नेत होतो, ती हातात तशीच होती. "बाजूला व्हा, माझी बायको आहे ती!" असं ओरडत मी गर्दीत घुसलो. मी पोचेपर्यंत चारपाच हातांनी तिला उचलून उभंही केलं होतं, कुणीतरी तिचा चष्मा पुसत होतं आणि ती हसत होती. मला थांबायला जमलं नाही. खुर्ची आपोआप उघडली, तिच्यात माझा पाय गेला, पुढचं आठवत नाही.

गाणं थांबलं. गायक माइकवर म्हणाला, "काकांना वाट द्या." मग अस्वलाने आणि हिच्या विद्यार्थ्यांनी मला डोक्यावरून पुढे पुढे दिलं आणि सगळे "काका! काका!" ओरडत होते. एवढा मान मला निरोपसमारंभात मिळाला नव्हता.

ही माझ्यामागे तंबूत आली. नर्स म्हणाली, नुसता मुरगळलाय, तुम्ही जा, मी आहे. मी म्हटलं, थांबू दे तिला, माझी पाठही बघायची आहे. ही थांबली.

कापडापलीकडे भट्टीची सगळी गाणी ऐकू येत होती. शेवटचं तिचं सगळ्यांत आवडतं. ती स्टुलावर डोळे मिटून बसली होती, ओठ हलत होते. मी म्हटलं, बघ, बरं झालं की नाही मी बरोबर होतो? तिने डोळे उघडले. केसांचा अंबाडा घातला.

बाहेर टाळ्या थांबल्या. तेव्हा म्हणाली, "चला. संपलं."

२३ नोव्हेंबर, सोमवार

घरी. गाडी हिने चालवली. वाटेत रेडिओसुद्धा लावला नाही. मी फेस्टिव्हलमध्ये सुधारणा सुचवल्या: गोलाच्या कडेला दोरी, खुर्च्यांसाठी वेगळी जागा, पुढच्या वर्षी आपण लवकर जाऊन पुढची बाजू धरू.

टोलनाक्याशी गाडी थांबली तेव्हा समोर बघत म्हणाली, "अहो, वर्षातले ते दोन दिवस माझे आहेत. बाकीचे सगळे तुमच्याकडेच असतात. तेवढे दोन राहू द्या."

दमली आहे. दोन दिवस उभं राहायचं म्हणजे वयाचाही प्रश्न येतो.

२५ नोव्हेंबर, बुधवार

ऑफिसमधून फोन आला! पाय दुखत असतानाही उडी मारून घेतला. माझ्या टेबलाचा खालचा ड्रॉवर उघडत नाही, तो आधीपासून असाच अडकायचा का, असं विचारत होते. मी म्हटलं, जरा वर उचलून ओढा. उघडला. म्हणाले, थँक यू. मी म्हटलं, आणखी काही? तोवर ठेवला होता.

संकल्प: येत्या शनिवारी हिला बाहेर जेवायला न्यायचं. तिला सांगितलं. म्हणाली, शनिवारी मी नाही. भट्टीचा अजून एक कार्यक्रम आहे, डेंटिस्टबरोबर जातेय, रविवारी येईन. मी म्हटलं, माझा घोटा तोवर बरा होईल. म्हणाली, "नाही होणार."

डॉक्टरांशी बोलली असावी.

२८ नोव्हेंबर, शनिवार

ही सकाळीच गेली. कोणत्या गावात कार्यक्रम आहे विचारलं. म्हणाली, आल्यावर सांगते. रागाने नाही, अगदी नेहमीच्या आवाजात. फाटकापर्यंत जाऊन परत आली. मला वाटलं, काही बोलायचं राहिलं असेल. चष्मा राहिला होता.

दुपारभर पाठ ठणकत होती. संध्याकाळी गरम पाण्याची पिशवी शोधली. बाथरूममध्ये नाही, कपाटात नाही, पलंगाखाली नाही. ती कायम ही आणून देते, शेकायला टॉवेलात गुंडाळून. ती कुठे ठेवलेली असते हे मी कधी पाहिलेलंच नाही.

फोन लावला. उचलला. पलीकडे तोच सगळा गदारोळ. मी ओरडून विचारलं, पिशवी कुठे आहे? "काय?" पुन्हा विचारलं. "ऐकू येत नाही हो!" आणि तेवढ्यात तिच्या शेजारी कुणीतरी काहीतरी बोललं, ती हसली. मोठ्याने, अगदी मोकळी. क्षणभर वाटलं, चुकून दुसऱ्याच कुणी तिचा फोन उचललाय.

मग तिने तो तसाच चालू ठेवून खिशात टाकला असावा. मीही ठेवला नाही. पलंगाच्या कडेला बसून कानाला लावून ऐकत राहिलो. तो बारकासा गायक गात होता, त्याच्याबरोबर सगळे गात होते, आणि मधूनच, अगदी जवळून, ही. हिला गाता येतं.

अर्ध्या गाण्यात बॅटरी संपली. माझी.