ही ओळ कुणाची?

ओतूर, मंगळवार, १४ मार्च २००६

अजून धुमसतेय. रागानं.

साहेबांचा ईमेल फुटला, पेपरात छापून आला: येडगावची धरणाकाठची जमीन मेव्हण्याच्या नावावर करा, गावाला कळता कामा नये. टाइप मीच केला, त्यांच्या ऑफिसात टायपिस्ट मीच. आज जुन्नरच्या कोर्टात मी साक्षीला उभी राहिले, तर साहेबांचे वकील म्हणतात, मेल या बाईनंच रचला, साहेबांना कॉम्प्युटर चालूसुद्धा करता येत नाही.

बाई! एरवी हेच वकील मला पोरी म्हणतात. मी त्यांना काका म्हणते.

वर विचारतात, "'गावाला कळता कामा नये', ही ओळ कुणाची?" अहो, माझ्या खुर्चीमागं उभं राहून, शेंगा खात, ती ओळ तुम्हीच घालायला लावलीत! साहेबांना सुचलीही नव्हती. आणि मी गप्प. का गप्प? काका म्हणते म्हणून? तेवढ्यात कोर्ट उठलं.

बाहेर गाडी थांबवून म्हणाले, "राग धरू नको पोरी, आमचं कामच हाय ते. चल, ओतूरला सोडतो." आणि शेंगांची पुडी पुढं केली. शेंगा!

एसटीनं आले.

उद्या तोच प्रश्न येणार. विचाराच, काका. भर कोर्टात 'तुमची' म्हणते की न्हाई बघा.