आठ गाठींची दोरी

प्रिय ताई,

तुझं पत्र माझ्या मागे मागे तीन ठिकाणं फिरून कालच हातात पडलं. पाकिटावर तीन पत्ते खोडलेले होते. पोस्टमन म्हणाला, "कुठेतरी टिकत जा की रे बाबा, आमचे पाय दुखतात." मी हसलो, पण पत्र वाचल्यावर हसू गेलं. बाबा सुंभ वळायचं चाक मोडायला काढतायत. महिनाअखेरीला सुतार येणार आणि त्या लाकडाचं फडताळ करणार. "हात गेला माझा, आता चाकाने जागा कशाला अडवायची," असं म्हणाले ना? मला ते त्यांच्या आवाजात ऐकू आलं.

तू विचारलंयस, मी कुठे आहे आणि काय खातो. खातो बरं. सध्या बोटी दुरुस्त करतात तिथे आहे. फळ्यांमधल्या फटींत काथ्या ठोकून बसवायचा, हे माझं काम. हसू नकोस. ज्या काथ्यापासून पळालो तोच हातोडीने ठोकतोय. आणि हे काही पहिलं नाही. आधी गाद्यांच्या कारखान्यात होतो, तिथे गादीत काय? काथ्या. मग पाणी गाळायची यंत्रं बनवतात तिथे, तर यंत्राच्या पोटात करवंटीचा कोळसा! पाण्याचा रंग, वास, सगळं ओढून घेतो तो. मी सहा महिने असा काळा होतो की आरशात फक्त दात दिसायचे. आणि मग रोपवाटिका. ते तर बाबांना सांगच. काथ्या झोडताना जो तांबडा भुसा पडतो, ज्याचे आपण खाडीकाठी ढीग लावायचो, त्यात तिथे रोपं लावतात. पाणी धरून ठेवतो म्हणे. मूठभर भुशात मिरचीचं रोप आठ दिवसांत मान वर काढतं, मी रोज बघायचो.

आठवतं, बाबांचा तो खेळ? अंगणात नारळाची सालं झोडायला बसायच्या आधी विचारायचे, "सांगा, नारळाचं आणखी काय होतं?" एकेकाने एकेक सांगायचं, जो अडेल त्याने पहिली मोगरी उचलायची. तू हुशार, भराभरा सांगायचीस, पाणी, खोबरं, तेल, झावळ्यांचं छप्पर, हिरांचा खराटा, करवंटीची पळी. मी दोन करवंट्या आपटून घोडा पळवायचो आणि म्हणायचो, हा उपयोग. बाबा म्हणायचे, "हा घोडा तुलाच एक दिवस घेऊन जाणार, भोवऱ्या." आणि शेंडाकाका! नारळ काढायला चढायचे म्हणून शेंडाकाका. जमिनीवर मला ते नेहमी अनोळखी माणूस वाटायचे. ते माडाच्या टोकावरूनच ओरडायचे, "सावली! सावली विसरलात, इथे वर मला मिळत नाही म्हणून विसरलात!" आईचं उत्तर मात्र सगळ्यांत वेगळं असायचं. ती म्हणायची, "पडला की आवाज करतो, तोही उपयोगच. काहीतरी पडलंय हे कळतं तरी." तेव्हा आम्ही हसायचो. बाबा शेवटी म्हणायचे, भुसा तेवढा टाकाऊ, बाकी काही टाकायचं नाही. तर त्यांना सांग, तुम्ही हरलात.

भलतीकडेच गेलो बघ. इथल्या मिस्त्रींबद्दल लिहायचं होतं. म्हातारे आहेत, कानाने कमी. काथ्याचं नवं ओझं आलं की ते कागद बघत नाहीत. चिमूटभर घेऊन अंगठ्याखाली चोळतात, आणि म्हणतात, "कच्चं आहे. परत." आणणारा तावातावाने सांगतो, साल पुरे आठ महिने पाण्यात होती, हे बघा लिहून दिलंय. मिस्त्रींना ऐकूच येत नाही. "अंगठा सांगतोय," म्हणतात. ओझं परत जातं. गेल्या महिन्यात हे पहिल्यांदा पाहिलं आणि माझ्या हातातली हातोडी खाली पडली.

ताई, आई गेली ते वर्ष तुला आठवतं तसं मला आठवत नाही. तू दिवसकार्य आटपून सासरी परतलीस. मागे आम्ही दोघं उरलो. बाबा सकाळी दोघांचा चहा ठेवायचे, पण कप तीन काढायचे, मग एक परत ठेवायचे. रोज. मी त्या घरात बसू शकत नव्हतो. त्यात एक ट्रकवाला मित्र म्हणाला, मी लांबच्या फेरीवर निघतोय, येतोस तर ये. मी बाबांना सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "खड्डा उघडेपर्यंत थांब. झोडायला माणूस लागेल. मग जा." मी हो म्हटलं. शब्द दिला.

सालांचा खड्डा म्हणजे खाडीच्या पाण्यात सालं आठ महिने कुजवायची, आधी काढली तर काथ्या कच्चा. तुला सांगायला नको, पण मला पायरी पायरीनेच लिहू दे, नाहीतर मी परत कुठेतरी वळेन. खड्ड्याच्या खुंट्याला बांधून आत सोडलेली दोरी, महिना सरला की बाबा तिला एक गाठ मारायचे. बाबांशिवाय कुणी त्या दोरीला हात लावायचा नाही. ट्रक निघायला आला तेव्हा सहा गाठी होत्या. दुपारी बाबा आडवे झाले होते. मी दोरी वर ओढली आणि खाली आणखी दोन गाठी मारल्या. वर चिखल फासला. संध्याकाळी बाबांना खड्ड्यापाशी बोलावलं, दोरी माझ्याच हातात धरली आणि मोठ्याने मोजून दाखवली. एक, दोन, अशा आठ. बाबा म्हणाले, "एवढ्यात?" मग स्वतःशीच हसले. "ती गेल्यापासून महिनेपण निसटायला लागले हातून." मी दोरी परत खड्ड्यात सोडली. तेव्हा बोलायला हवं होतं. एका शब्दाचं काम होतं.

साल झोडताना भुसा सुटत नव्हता. बाबांनी काथ्या चोळून बघितला, म्हणाले, "राठ लागतोय रे. अजून पाणी मागतोय." मी म्हटलं, "गाठी आठ आहेत, बाबा." ते आपल्या बोटांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मग बोटंच म्हातारी झाली." आणि चाकाला बसले. मी दोरा धरून मागे मागे चालत गेलो, ते चाक फिरवत राहिले. त्या काथ्याचा पहिला वेढा त्यांनी शेंडाकाकांच्या पायांसाठी केला, माडावर चढताना अडकवायचा तो. दुसऱ्या सकाळी तो तुटला. काका फार उंच नव्हते, दोन माणसं उंचीवर होते, पण खुब्याचं हाड मोडलं. आवाज झाला, ताई. मी घराच्या मागे होतो, मला ऐकू आला.

बाबांनी तुटलेलं टोक उचलून नाकाशी नेलं, बोटांत फिरवलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "माझा पीळ सुटला. दोष माझा." काका खाटेवरून म्हणत होते, "अरे, दोर आहे, तुटायचाच." पण बाबा परत चाकाला बसले नाहीत. चार दिवसांनी मी ट्रकमध्ये चढलो. निघताना बाबांनी पाठीवर हात ठेवला, म्हणाले, "थांबलास, शब्द पाळलास." त्या हाताचं वजन मी तीन वर्षं पाठीवर घेऊन हिंडतोय. तुम्ही सगळे म्हणता याला एका जागी करमत नाही. खरं तर मला कुठल्याच जागी कुणी चांगला म्हटलेलं सहन होत नाही. कुणी म्हटलं की मी निघतो.

या पाकिटात ती दोरी आहे. निघायच्या दिवशी मी ती खुंट्यावरून सोडून घेतली होती, कुणाला मिळू नये म्हणून. हे पत्र बाबांना वाचून दाखवायच्या आधी ती त्यांच्या हातात दे. डोळे मिटून चाचपायला सांग, दुसरं काही सांगू नकोस. बाबा डावखुरे, त्यांची गाठ डावीकडून वळते. लोक त्यांच्या सुंभाला उलट्या पिळाचा म्हणून चिडवायचे ना, तेच. सहा गाठी तशा आहेत. दोन उजवीकडून वळलेल्या आहेत. त्या त्यांच्या नाहीत, हे त्यांच्या बोटांना मी सांगण्याआधी कळेल, आणि कळलं की ती बोटं कधी म्हातारी झाली नव्हती हेही कळेल. मग हे सगळं त्यांना मोठ्याने वाचून दाखव, एक ओळ गाळू नकोस, आणि सुताराला परत पाठव. मी परवा निघतोय. आधी शेंडाकाकांच्या खाटेपाशी जाईन, ते मला तोंडानेच सांगायला हवं. मग घरी. बाबांनी दारात उभं केलं नाही तर अंगणात बसेन. खड्ड्यात नवी सालं घालून ठेवा म्हणावं. आठ महिने मी कुठेही जात नाही, आणि या वेळी गाठी बाबांनीच मोजायच्या.

तुझाच,
भोवरा