हेल्मेटच्या मागचे डोळे

सूनबाई,

गच्चीवर कपडे वाळत घालायला जाशील तेव्हा दारामागचं हेल्मेट घालून जा. समोरच्या झाडावरची घार पिल्लांपायी जिवावर उदार झाली आहे. काल तिने माझी टोपी उडवली. ती नेहमी पाठीमागून झेपावते, तिच्याकडे बघणाऱ्याच्या वाटेला जात नाही. म्हणून हेल्मेटच्या मागे मी पांढऱ्या रंगाने दोन डोळे काढले आहेत. एक जरा कानाकडे घसरलाय, पण घार काही चित्रकलेचे मार्क देणार नाही. हेल्मेट तुझ्या नवऱ्याचं आहे. तो ओरडला तर माझं नाव सांग.

माळी फांद्या छाटायला आला, तर पिल्लं उडेपर्यंत झाडाला हात लावायचा नाही म्हणून ठणकावून सांग.

मी डोळ्यांच्या दवाखान्यात गेलोय. मोतीबिंदू काढून दुपारी परत येतो. काल बोललो असतो तर तुम्ही दोघांनी रजा काढली असती आणि घरभर नुसती काळजी करत बसला असता. खालचे टेलर सोबत आहेत. ते भित्रे आहेत, त्यामुळे त्यांचा हात मला धरावा लागणार.

राहता राहिला आपला वाद. घरट्यात तीन पिल्लं आहेत असं तू म्हणतेस, मी दोन म्हणतो. पट्टी सुटली की खिडकीशी खुर्ची टाकून मी स्वतः मोजणार आहे.

तोपर्यंत ती दोनच आहेत.

— नाना