मावळतीची भिंत

बुधवार, ८ जानेवारी
शिमशोन आला — सहा वर्षांनी! अश्दोदहून आईला काय आणलंन? पाटी! चकचकीत, वर हिब्रूत एकच शब्द — मिझराह. “पूर्व गं आई. प्रार्थनेची दिशा.” शिवाय मला कायमचं इस्रायलला न्यायचे कागद. म्हटलं, ठेव फ्रिजवर. या वयात रत्नागिरी सोडायला मला काय वेड लागलंय?

शुक्रवार, १० जानेवारी
पाटी ठोकलीन. पूर्वेच्या भिंतीवर! विचारलंनसुद्धा नाही.

रविवार, १२ जानेवारी
परवा शुक्रवारी तिन्हीसांजेला मी शब्बाथचा दिवा लावला, आणि हा पाटीसमोर पुस्तक धरून डुलायला लागला. अरे, त्या भिंतीमागे मोरी आहे! माझ्या पोराने मोरीची प्रार्थना केली! शेजारची दमयंती दारात उभी. म्हणाली, “आजी, तुमचं तोंड तर मावळतीला असतं ना?” तिला कळतं, माझ्या इंजिनिअर पोराला कळत नाही!

यरुशलेम इथून पश्चिमेला, मांडवीच्या समुद्रापलीकडे. युरोपातल्या ज्यूंची पूर्व आपल्याला कशाला? तोंडाला येईल ते बोलले मी त्याला. ऐन शब्बाथला. बोलले तर बोलले.

सोमवार, १३ जानेवारी
पाटी उतरवली. तर हा खाली बसून रडायला लागला! अठ्ठेचाळीस वर्षांचा घोडा! “अश्दोद यरुशलेमच्या पश्चिमेला, आई. आमची पूर्वच. वीस वर्षं तिकडेच तोंड करतोय. बाबा इथे कुठल्या भिंतीकडे उभे राहायचे, आठवेचना मला.”

बापाला चिकटून उभा राहायचा, हाफपँटीत. विसरला! मी चहा टाकला. त्याला काय सांगू, मलाच रडू येत होतं. एकुलता एक पोरगा, आणि घर विसरला.

सोमवार, २० जानेवारी
उद्या त्याचं विमान. फ्रिजवरचे कागद काढले, सही केली. हे घर त्याला आठवून द्यायला माझ्याशिवाय आहे कोण? हा पुन्हा रडला. दमयंती म्हणते, बरं केलंत. तिला काय जातंय म्हणायला!

रविवार, ७ सप्टेंबर. अश्दोद
काल मशिदीत गेले — आम्ही म्हाताऱ्या सिनेगॉगला अजून मशीदच म्हणतो. सगळ्यांची तोंडं पूर्वेला. मीही केलं. बाहेर आल्यावर शिमशोन खूश! “आता बरोबर उभी राहिलीस, आई.”

मूर्ख! यरुशलेम काय, तासाभरावर. मी त्याच्या पलीकडे, रत्नागिरीकडे तोंड करून उभी होते.